नकाशा देखणा आहे, पण खरा आहे का?

मे महिना लागला की खान्देशातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लालभडक नकाशा येऊन पडतो. जळगाव, भुसावळ, धुळे सगळं एकाच रंगात पेटलेलं. जून आला की तोच नकाशा निळा होतो, ‘उद्या धो धो’ अशी ओळ जोडून. आपण बघतो, ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे ढकलतो. पण हा नकाशा म्हणजे फोटो नाही, हे किती जणांच्या लक्षात येतं? तो एका मोठ्या हिशेबाचं चित्र आहे. आणि चित्र म्हटलं की काढणाऱ्याचा हात आलाच.

आता हा विषय काढायचं कारण म्हणजे हिशेब करणारी यंत्रं आपल्याकडे झपाट्याने मोठी झाली आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी! पाठोपाठ मे २०२५ मध्ये याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाला मिळाली. आधीचं मॉडेल जमिनीचे १२ किलोमीटरचे चौकोन करून हिशेब करायचं. नवं मॉडेल ६ किलोमीटरचे चौकोन करतं.

जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे पावणेबारा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे १२ किलोमीटरच्या हिशेबात जिल्ह्याचे जेमतेम ८० चौकोन होतात आणि ६ किलोमीटरच्या हिशेबात सव्वातीनशेच्या आसपास. फरक मोठा आहे. रावेर-यावलकडे सातपुड्याचा डोंगर आणि पायथ्याची केळीबाग जुन्या मॉडेलमध्ये एकाच चौकोनात कोंबली जायची. आता ती वेगळी पडण्याची शक्यता वाढली. पण तरीही एका चौकोनाला पावसाचा आकडा मिळतो एकच. चौकोनाच्या आत कोणत्या शिवारात पडेल आणि कोणतं कोरडं राहील, हे त्या आकड्यात नसतं.

गुळगुळीत म्हणजे अचूक नव्हे

घोळ इथेच सुरू होतो. सव्वातीनशे चौकोन जसेच्या तसे रंगवले तर नकाशा ठोकळ्या-ठोकळ्यांचा, जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसतो. सादरीकरणात तो लावायला कोणालाही लाज वाटेल. म्हणून सॉफ्टवेअर दोन आकड्यांच्या मधली जागा अंदाजाने भरून काढतं. याला इंटरपोलेशन म्हणतात. नकाशा एकदम मऊशार, झकास होतो. पण माहिती एका कणानेही वाढलेली नसते. बघणाऱ्याला मात्र वाटतं, निळ्या पट्ट्याची कड अगदी आपल्या गावाला लागून गेली आहे. शिंदखेड्याचा कोरडवाहू शेतकरी त्या कडेवर विश्वास ठेवून कापूस पेरतो आणि पाऊस हुलकावणी देतो. दुबार पेरणीचं बियाणं कोणाच्या खिशातून येतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा घोळ रंगांचा. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ इंद्रधनुष्यी रंगपट्टी वापरत आले. निळा, हिरवा, पिवळा, लाल. दिसायला मस्त, पण पिवळा पट्टा डोळ्यांत इतका भरतो की आकड्यांत नसलेली सीमारेषा तिथे दिसायला लागते. शिवाय लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी अर्धा नकाशा गायब. म्हणूनच पायथॉनमधल्या ‘मॅटप्लॉटलिब’ या लायब्ररीने २०१७ च्या आवृत्तीपासून जुनी पट्टी काढून ‘विरिडिस’ ही जांभळ्याकडून पिवळ्याकडे एकसारखी उजळत जाणारी पट्टी मूळ सेटिंगमध्ये आणली.

आपल्याकडे तिसरीही भानगड आहे. ४० अंशांच्या वरच्या सगळ्याला एकच गडद लाल दिला, तर मे महिन्यात अख्खा खान्देश एक डाग होतो. ४१ आणि ४६ मधला फरक कळतच नाही. उन्हात काम करणाऱ्या माणसासाठी तर तोच फरक जीवाशी खेळणारा असतो. त्यात हवामान विभागाचा ‘रेड अलर्ट’ हा इशाऱ्याचा रंग आणि तापमानाच्या नकाशातला लाल, या दोन वेगळ्या गोष्टी. लोक सर्रास गल्लत करतात.

सिनेमाला चालतं ते इथे चालेल?

१९७९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ-पिएर ल्युमिने यांनी कृष्णविवराचं चित्र काढलं. आकडे संगणकाचे, पण शाईचे ठिपके हाताने दिलेले. त्यात एक बाजू उजळ, दुसरी अंधुक. कारण फिरणारा वायू एका बाजूने आपल्याकडे येतो, दुसरीकडून दूर जातो. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून कृष्णविवर रेंडर झालं, पण हा एकांगी उजेड मुद्दाम काढून टाकला. प्रेक्षक गोंधळले असते. थॉर्न आणि मंडळींनी पुढे २०१५ मध्ये शोधनिबंध छापून काय ठेवलं, काय वगळलं ते उघड सांगितलं.

सौंदर्यासाठी काटछाट करण्यात गैर काही नाही, ती सांगितली पाहिजे एवढंच. सिनेमा बघून कोणी पेरणी करत नाही. हवामानाचा नकाशा बघून करतात. आणि अंदाज देणाऱ्या संस्था एकच हिशेब करून थांबत नाहीत. २०१८ पासून आपल्याकडे सुरुवातीच्या आकड्यांत थोडा बदल करून २१ वेगवेगळे हिशेब करणारी पद्धतही वापरली जाते. त्यातून ‘पाऊस पडण्याची शक्यता किती’ ते कळतं. व्हायरल होतो मात्र एकच नकाशा, तोही सगळ्यात भडक. शक्यता गळून पडते आणि उरते भविष्यवाणी.

मग आपण काय करायचं?

नकाशा आला की चार गोष्टी बघा. रंगपट्टी आणि तिचे आकडे आहेत का? कोणत्या मॉडेलचा आणि किती तारखेचा हिशेब आहे? चौकोन किती किलोमीटरचा? आणि दाखवलंय काय, हवेचं तापमान की जमिनीचं? एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय उपग्रहाच्या नकाशात वायव्य भारतात ६० अंशांच्या वरचे आकडे होते. ते तापलेल्या जमिनीचे होते, हवेचे नव्हे. चारांपैकी एकाचंही उत्तर नकाशात नसेल तर तो फॉरवर्ड करू नका.

फिजिक्स, भूगोल, कॉम्प्युटर किंवा अॅग्रीला असाल तर आणखी एक पाऊल टाका. १९४० पासूनचा तासातासाचा ‘ईआरए५’ डेटा मोफत मिळतो. पायथॉन मोफत, पॅराव्ह्यू मोफत. जळगाव आणि धुळ्याचे गेल्या ८० वर्षांतले मे महिने शेजारी शेजारी मांडायला साधा लॅपटॉप पुरतो. जळगावचे पंधरा आणि धुळ्याचे चार तालुके, त्यांची नावं मराठीत, रंगपट्टीवर आकडे आणि खाली एक ओळ: ‘हा अंदाज इतक्या किलोमीटरच्या चौकोनाचा आहे, एका गावाचा नाही.’ महासंगणक पुण्यात बसलाय. पण यावलच्या केळी उत्पादकाला वादळाआधी घड कापायचे की थांबायचं, हे ठरवायला मदत करील असा नकाशा त्याच्याच भागातली पोरं जास्त चांगला काढू शकतील. कोणत्या बांधावर काय प्रश्न विचारला जातो, ते त्यांना ठाऊक असतं.