तारीख न मिळालेले कलम

संविधान दिनाचा आठवडा यंदाही उद्देशिकेच्या सामूहिक वाचनात पार पडला. शाळांतून, कचेऱ्यांतून आणि ज्या मंत्र्यांना अनुच्छेद २२ कशाविषयी आहे हे बहुधा सांगता येणार नाही त्यांच्याही मुखातून स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द खणखणीत उमटले. पाठांतरावर भिस्त ठेवणाऱ्या या नागरिकशास्त्राविषयी प्रस्तुत स्तंभाचे मत वाचकांना ठाऊक आहे आणि ते बदलावे असे या आठवड्यातही काही घडले नाही. वाचनकर्त्यांनी त्याच पुस्तकाची आणखी काही पाने उलटली असती, तर केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्रतीत या अनुच्छेदाखाली बारीक अक्षरांत छापलेली तळटीप त्यांना दिसली असती. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कलम ३ अमलात येईल तेव्हा हा मजकूर बदलेल, असे ती सांगते.

अनुच्छेद २२ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा केल्याबद्दल नव्हे तर तो केला जाईल या अंदाजावरून खटल्याविना कोठडीत ठेवण्याला, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच जागा देतो. तीन महिन्यांहून अधिक काळ कोणाला असे डांबायचे असेल तर सल्लागार मंडळाचे अनुकूल मत लागते. परंतु त्या मंडळाचे सदस्य उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश किंवा केवळ त्या पदास पात्र असले तरी चालते, आणि पात्रता तर उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेल्यालाही असते. कलम ३ ने ही मुदत दोन महिन्यांवर आणली, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार नेमले जावे असे ठरवले, अध्यक्ष विद्यमान न्यायाधीशच असावा अशी अट घातली आणि मंडळाला वगळून दीर्घकाळ स्थानबद्ध करण्याचा कायदा करण्याची संसदेची मुभाही काढून घेतली.

आता याच दुरुस्तीची दुसरी बाजू पाहावी. तिच्या कलम २ आणि ६ यांनी मालमत्तेचा मूलभूत हक्क रद्द केला व अनुच्छेद ३०० क अन्वये त्याला साध्या कायदेशीर हक्काचा दर्जा उरला. दोन्ही तरतुदी एकाच विधेयकातल्या, त्यांना संसदेचे बहुमत एकच आणि राष्ट्रपतींची ३० एप्रिल १९७९ रोजीची संमतीही एकच. मात्र कोणते कलम केव्हा लागू करायचे हे केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवावे, अशी मोकळीक त्या कायद्यात होती. नागरिकाचा हक्क काढून घेणाऱ्या कलमांना सरकारने २० जून १९७९ ही तारीख, संमतीपासून दोन महिने उलटण्याच्या आत, दिली. नागरिकाचे संरक्षण वाढवणाऱ्या कलम ३ ला ती आजतागायत मिळालेली नाही. त्याच जूनमध्ये अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत ही मोलाची सुधारणा लागू झाली, हे खरे. तरीही तेव्हाच्या ज्या राजवटीतील अनेक नेते आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धता कायद्याखाली तुरुंगात राहून आले होते, तिलाच स्थानबद्धतेच्या कलमाची घाई वाटू नये, हे पुरेसे बोलके आहे. पुढे आलेल्या प्रत्येक रंगाच्या सरकारने हा वारसा मात्र एकमताने जपला.

सर्वोच्च न्यायालयानेही दार उघडले नाही. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला आव्हान देणाऱ्या ए. के. रॉय खटल्यात, डिसेंबर १९८१ मध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या बहुमताच्या निकालाने ठरवले की तारीख नेमण्याचा अधिकार संसदेनेच कार्यपालिकेवर, म्हणजे कायदा अमलात आणणाऱ्या सरकारवर, सोपवला असल्याने न्यायालय तिला तसा आदेश देऊ शकत नाही. न्यायमूर्ती गुप्ता आणि तुळजापूरकर यांना हे पटले नाही. अल्पमतातले तेच दोघे बरोबर होते, कारण कायदा केव्हा लागू करावा हे ठरवण्याच्या अधिकारात तो कधीच लागू न करण्याचा अधिकार सामावला, तर घटनादुरुस्तीवरील अंतिम नकाराधिकार संसदेबाहेरच्या एका खात्याकडे जातो.

महाराष्ट्रात ‘एमपीडीए’ या राज्याच्या कायद्याखाली स्थानबद्धतेचे आदेश आजही निघतात आणि त्यांची तपासणी जुन्याच मापाने होते. ती बदलण्यासाठी नवे विधेयक, दोनतृतीयांश बहुमत किंवा राज्यांची संमती यांपैकी काहीही लागत नाही. राजपत्रात एक अधिसूचना निघाली की पुरे. संसदेचे हिवाळी अधिवेशन तोंडावर असताना ती केव्हा निघणार, एवढा एकच तारांकित प्रश्न विचारावा, असे पत्र वाचकांनी आपापल्या खासदारांना अवश्य धाडावे.