माड लावताना घाई नको



मृगाच्या सरी पडल्या की आंब्याच्या कलमांबरोबर नारळाची रोपेही विकायला येतात. ‘तीन वर्षांत नारळ’ असे विक्रेता सांगतो, रोप हिरवेगार दिसते, भावही परवडतो. आपण दोन-चार रोपे घेऊन टाकतो. भाताचे बी चुकले तर एक हंगाम जातो. माडाची जात चुकली तर ती पाच-सहा वर्षांनी कळते. तोवर घातलेले खत, पाणी व मशागत पाण्यात गेलेली असते, आणि झाड तोडवतही नाही. म्हणून माडाच्या जातींविषयी आमचे मत या पानावर थोडे विस्ताराने मांडत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांचे घर अकोट्याला आणि वाडी गावाकडे, कोणाची वसईच्या पट्ट्यात तर कोणाची दक्षिण गुजरातेत. अकोटा आता पुरते बडोदे शहरात आले आहे. येथे प्रश्न परसातल्या एक-दोन झाडांचा असतो, वाडीत तो एकराचा असतो. या दोन्ही ठिकाणांना एकच उत्तर लागू पडत नाही.

उंच, ठेंगू आणि संकरित

नारळाच्या मुख्य जाती दोन : उंच व ठेंगू. या दोहोंच्या संकरातून तयार होतात त्या संकरित जाती.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना माड म्हणजे बाणवली. शास्त्रीय पुस्तकांत त्याला पश्चिम किनारपट्टी उंच असे म्हणतात. त्याला सहाव्या-सातव्या वर्षी पोय येते, पुढे तो ८० वर्षे व त्याहूनही अधिक जगतो आणि बरी निगा ठेवली तर वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. खोबरे जाड, तेल भरपूर, आणि थोडीफार हेळसांड तो सहन करतो. याच बाणवलीतून रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने निवड पद्धतीने ‘प्रताप’ ही जात काढली व ती १९८७ साली प्रसारित झाली. फळ मध्यम व गोल असून चांगल्या व्यवस्थेत झाडाला वर्षाला सरासरी १४० ते १५० नारळ मिळतात. हे केंद्र १९५५ पासून काम करीत आहे आणि आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे.

उंच जातींतच लक्षद्वीप ऑर्डिनरी, म्हणजे चंद्रकल्पा, ही जात येते. फळ थोडे लहान, पण तेलाचे प्रमाण सुमारे ७२ टक्के, आणि पाण्याचा ताण ती बऱ्यापैकी सोसते. फिलिपाईन्स ऑर्डिनरीचे फळ मोठे असते. अख्खा नारळ नगावर विकणाऱ्याला ती आवडते.

ठेंगू जातींत आपल्याकडे नारिंगी रंगाची चौघाट ऑरेंज डॉर्फ अधिक दिसते. तिला तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोय येते आणि फळ हाताने काढता येते. शहाळ्याचे पाणी गोड असून एका फळातून ३५० मिलिलिटरच्या आसपास मिळते. परंतु झाडाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच. एक वर्ष भरपूर फळ, तर पुढच्या वर्षी थोडे, असा तिचा स्वभाव आहे. खोबरे पातळ व चिवट, म्हणून सुक्या खोबऱ्याला ती चालत नाही. ‘तीन वर्षांत नारळ’ ही जाहिरात बहुधा हिच्याच जिवावर केली जाते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे.

संकरित नारळाचा पहिला प्रयोग आपल्याच देशात झाला. १९३२ साली आजच्या केरळातील निलेश्वर येथे डॉ. जे. एस. पटेल यांनी उंच मादी व ठेंगू नर असा संकर केला. पुढे केरासंकर (टी × डी) व चंद्रसंकर (डी × टी) या जाती आल्या. भाट्ये केंद्राची कोकण भाट्ये संकरित ही जात गंगाबोंडम व पूर्व किनारपट्टी उंच यांच्या संकरातून तयार झाली आहे. संकरित झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते. केरासंकराचे वर्षाला सरासरी १५०, तर चंद्रसंकराचे सुमारे ११५ नारळ मिळतात. हे आकडे अर्थात नियमित पाणी व पूर्ण खत दिलेल्या झाडांचे आहेत, हे विसरू नये.

जात आधी नव्हे, पाणी आधी

आमचे मुख्य म्हणणे येथेच आहे. ‘जास्त नारळ कोणती जात देते?’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. ‘माझ्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते?’ हा प्रश्न प्रथम विचारायला हवा.

हिशेब करून पाहा. साडेसात मीटर अंतरावर माड लावले तर एकरात सुमारे ७० झाडे बसतात. आळ्याने पाणी देताना मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दर चार दिवसांनी सुमारे २०० लिटर पाणी द्यावे, अशी कासारगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची शिफारस आहे. म्हणजे ७० झाडांना चार दिवसांत १४,००० लिटर, रोजचे ३,५०० लिटर. ठिबक बसवले तर यात बचत होते. परंतु वैशाखात ज्याची विहीर तळ दाखवते, त्याने संकरित बाग लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाणी तुटले की संकरित झाडाची बोंडे गळतात आणि बाणवलीपेक्षा जास्त मिळणारे नारळ कागदावरच राहतात. बाणवली व लक्षद्वीप ऑर्डिनरी त्याच ताणात कमी फळ देतील, पण देत राहतील.

खताचेही तसेच. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट व दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा द्यावा आणि दरवर्षी वाढवत पाचव्या वर्षापासून पूर्ण मात्रा द्यावी. एवढे खत घालण्याची तयारी नसेल, तर महागडे संकरित रोप घेऊन काय साधणार?

रोपात फसवणूक कशी होते

आता एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उंच माडाच्या एका पोयीतील नरफुले आधी फुलून जातात, मादीफुले नंतर तयार होतात. त्यामुळे पराग दुसऱ्या झाडाचा लागतो. ठेंगू माडात दोन्ही फुले एकाच वेळी असल्याने बहुधा स्वतःचाच पराग लागतो आणि ठेंगूचे रोप आईसारखे निघते. उंच माडाचे रोप थोडे वेगळे निघू शकते, म्हणून त्याची आई चांगली पारखून घ्यावी लागते.

संकरित झाडाखाली पडलेला नारळ मात्र बियाण्याला मुळीच वापरू नये. त्याच्या रोपांत आईबापाचे गुण विखुरतात. एक रोप बरे, दुसरे वांझोटे, तिसरे धड ना उंच ना ठेंगू. ‘आमच्या संकरित झाडाचेच रोप आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तेच न घेण्याचे कारण समजावे. खरे संकरित रोप दरवेळी दोन शुद्ध आईबापांपासून, हाताने परागीकरण करूनच तयार होते. ते महाग का, याचे उत्तर यातच आहे.

एक सोपी परीक्षा सांगतो. नारिंगी ठेंगू आई असलेल्या डी × टी रोपांत देठाचा रंग पाहावा. स्वच्छ नारिंगी देठ असेल तर ते रोप संकरित नसून नुसते ठेंगू आहे. संकरित रोपाचा देठ तपकिरी-हिरवट असतो. उलटपक्षी, शहाळ्यासाठी नारिंगी ठेंगूच हवी असेल तर नारिंगी देठाचेच रोप निवडावे.

कोणत्याही जातीचे रोप ९ ते १२ महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, आखूड व जाड बुंध्याचे असावे. पाने लवकर चिरू लागलेली असतील तर ते जोमदार रोपाचे लक्षण समजावे. उंच, लवलवीत, एकदोन पानांचे रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

वादळ आणि पांढरी माशी

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड व अलिबागकडील माड-पोफळी आडव्या केल्या. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ दीव-उनाजवळ धडकले आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील नारळी बागांची तीच गत झाली. बाप-आजोबांनी लावलेली झाडे एका रात्रीत गेली. अशा वेळी लवकर उत्पन्न हवे म्हणून शेतकरी सरसकट ठेंगू लावायला निघाला, तर त्याला दोष देता येत नाही. तरीही सारी वाडी एकाच जातीची करू नये, असे आम्ही सुचवतो.

याला दुसरेही कारण आहे. २०१६ साली दक्षिण भारतात चक्राकार अंडी घालणारी पांढरी माशी आढळली आणि पुढे ती आपल्या किनाऱ्यावरही आली. झावळीच्या खालच्या बाजूस पांढरे मेणचट वलय आणि खालच्या पानांवर काळी बुरशी, ही तिची खूण. ठेंगू व संकरित झाडांवर तिचा जोर अधिक असतो. घाईने विषारी फवारे मारू नयेत. एन्कार्शिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी या किडीला आवरते, आणि फवाऱ्याने आधी तीच मरते. जोराच्या पाण्याने झावळ्या धुवाव्यात, पिवळे चिकट सापळे लावावेत.

अकोट्याच्या परसात

नारळाला सुमारे २७ अंश सरासरी तापमान, दमट हवा आणि वर्षभर वाटून पडणारा पाऊस मानवतो. बडोद्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, थंडीत रात्री तो १५ च्या खाली उतरतो, आणि पाऊस चार महिन्यांतच आटोपतो. त्यामुळे येथील माड जगतो, वाढतो, पण कोरड्या वाऱ्यात बोंडे गळतात आणि किनाऱ्याइतके फळ धरत नाही. हे धरूनच लावावा.

जागा लहान असेल व मोरीचे साबणविरहित पाणी रोज मिळत असेल, तर भिंतीच्या आडोशाला एखादी नारिंगी ठेंगू लावावी. घरच्यांना शहाळे मिळेल आणि वर चढणारा माणूस शोधावा लागणार नाही. पहिली दोन वर्षे उन्हापासून सावली द्यावी. मोकळी जागा असेल तर बाणवली लावावी, मात्र घराच्या छपरापासून व विजेच्या तारांपासून दूर. गुजरातेतल्या जातींची माहिती महुवा येथील कृषी संशोधन केंद्राकडे मिळू शकते.

शहाळ्याविषयी आरोग्याच्या दृष्टीने दोन शब्द. सात महिन्यांच्या सुमारास फळात पाणी सर्वांत अधिक असते. उन्हाळ्यात ते उत्तम पेय आहे. परंतु त्यात पोटॅशियम पुष्कळ व मीठ थोडे असते. म्हणून जुलाबात नुसत्या शहाळ्यावर न राहता मीठ-साखरेचे पाणी द्यावे, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळे पिऊ नये.

आमची सूचना

वाडीत ७० माड लावायचे असतील तर आमच्या मते ५० बाणवली अथवा प्रताप असावेत. दहा नारिंगी ठेंगू शहाळ्यासाठी, म्हणजे चौथ्या वर्षापासून घरात चार पैसे येतील. उरलेले दहा, पाणी बारमाही असेल तरच, संकरित. पहिली सहा वर्षे मधल्या जागेत केळी, भाजी, हळद घ्यावी.

आणि जुना माड तोडण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा बघावे. झाड किमान २५ वर्षांचे, दरवर्षी ८० च्या वर फळ देणारे, ३० हून अधिक झावळ्यांचे, आखूड व मजबूत देठांचे असेल, तर त्याचे ११-१२ महिन्यांचे पक्व नारळ बियाण्याला ठेवावेत. सहा महिन्यांत न रुजलेले टाकून द्यावेत. आपल्या वाड्यांत असे माड अजून उभे आहेत. घर बांधताना, रस्ता रुंद करताना ते एकेक जात आहेत, आणि त्यांचे बी कोणी ठेवत नाही. बाजारात पैसे देऊनही ते पुन्हा मिळणार नाही. ज्या घरी असा माड आहे त्यांनी शेजाऱ्याला पाच-दहा नारळ द्यावेत. उरलेली गरज चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन संशोधन केंद्राकडे वर्षभर आधी मागणी नोंदवून भागवावी, म्हणजे पावसाच्या तोंडावर रस्त्यावरचे रोप घेण्याची पाळी येणार नाही.

या जूनमध्ये रोप नाही मिळाले तरी हरकत नाही. खड्डा एक मीटर लांब, रुंद व खोल खणावा, माती व शेणखत भरून ठेवावे आणि पुढच्या पावसाची वाट पाहावी. ज्या झाडाचे फळ नातवंडे खाणार आहेत, त्यासाठी एक वर्ष थांबणे काही फार नाही.