वजावट : कोणाच्या पदरात, कोणाच्या खिशातून?

‘कलाशाखेच्या विद्यार्थ्याला आकडेमोडीशी काय कर्तव्य?’ असे आपण सहज म्हणून जातो. पण शब्दांचे अर्थ तपासणे हे तर आपलेच काम! ‘वजावट’ हा शब्द विम्यात एक सांगतो, प्राप्तिकरात दुसरेच.

विम्यातील वजावट म्हणजे खर्चाचा आपण स्वतः सोसायचा पहिला वाटा. ३ लाखांची वजावट असलेला पूरक आरोग्यविमा घेतला आणि रुग्णालयाचे बिल ५ लाख झाले, तर विमा कंपनी २ लाख देते. मात्र वर्षात २-२ लाखांची दोन आजारपणे आली तर? वजावट प्रत्येक दाव्याला वेगळी लागू असेल, तर हाती काहीच पडत नाही. वर्षाच्या एकत्रित खर्चाला लागू असेल, तर १ लाख मिळतात. करारातील एका ओळीने केवढा फरक!

प्राप्तिकरात वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. जुन्या करपद्धतीत आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींसाठी दीड लाखापर्यंत वजावट मिळते. त्यामुळे ३० टक्के दर लागणाऱ्याचे, उपकर सोडून, ४५,००० रुपये वाचतात. २० टक्केवाल्याचे ३०,०००. आणि ज्याला करच लागत नाही, त्याचे शून्य.

माझा आक्षेप येथेच आहे. करातील वजावट ज्याच्यापाशी अधिक आहे त्याला अधिक देते. विम्यातील वजावट ज्याच्यापाशी कमी आहे त्याला अधिक जड जाते. २०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीने बहुतेक वजावटी गाळून दर उतरवले, ही दिशा मला योग्य वाटते. विम्यातील वजावटीने किरकोळ दावे टळतात, हप्ता उतरतो, हेही मान्य. पण स्वस्त हप्त्याचा मोह नेमका त्यालाच पडतो, ज्याच्या गाठीशी ती रक्कम नसते.

म्हणून मागणी साधी आहे. विमापत्राच्या पहिल्याच पानावर, ठळक मराठीत, ‘एवढे तुम्ही भराल, त्यापुढचे आम्ही’ असे उदाहरणासह छापावे. कायदा पंडितांनी लिहावा. पण तो घरात आईला वाचून दाखवता येईल अशा भाषेत आणणे, हे कलाशाखेचेच कर्तव्य नव्हे काय?