खेळाला साजेशी फळी

टेबल टेनिसमध्ये साधनाचे महत्त्व किती, याचा दाखला मुंबईने १९५२ मध्येच पाहिला. त्या वर्षी तेथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला आणि पुरुष एकेरीचा विजेता ठरला. चेंडू बॅटवर आदळल्याचा नेहमीचा आवाजच येत नसल्याने प्रतिस्पर्धी गोंधळून गेले. पुढे १९५९ मध्ये रबर व स्पंज यांच्या जाडीवर नियमाने मर्यादा आली. साधन खेळ बदलते हे खरे. परंतु महाग साधन प्रत्येकाचा खेळ सुधारते, असे मात्र नव्हे.

हा भेद विसरला की घरोघरी एकच चूक घडते. पाल्य शालेय स्पर्धेत दोन फेऱ्या जिंकतो आणि वडील कौतुकाने दहा हजारांहून अधिक किमतीची कार्बनची फळी घेऊन येतात. त्यानंतर टेबलावर पडणारे फटके बाहेर जाऊ लागतात. मूल स्वतःला दोष देते, पालक सरावाला. फळीकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

फळी, म्हणजेच ब्लेड, हा बॅटचा रबर चिकटवण्यापूर्वीचा लाकडी भाग. नियमानुसार तिच्या जाडीपैकी किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. लाकडाच्या थरांमध्ये कार्बनसारख्या तंतूंचा पातळ थर घातला की फळी ताठ होते आणि चेंडू वेगाने परततो. मनगटाचा कोन किंचित चुकला, तर ती चूकही तितक्याच वेगाने परतते. पाच थरांची लवचीक लाकडी फळी चेंडूला क्षणभर अधिक धरते; त्यामुळे फिरकी देता येते आणि फटका कोठे चुकला हे हाताला कळते.

म्हणून आधी खेळ पाहावा, मग फळी. शिकणाऱ्याला पाच थरांची मध्यम वेगाची फळी पुरेशी असते. टेबलाजवळ राहून सपाट, वेगवान फटके मारणाऱ्याला सात थरांची घट्ट फळी साजते. टॉपस्पिनवर भर देणाऱ्याला लवचीकपणा हवा; फटके पक्के झाल्यावर त्याने कार्बनचा विचार करावा. मागे सरून चॉप करणाऱ्या बचावपटूला संथ आणि रुंद पात्याची फळी लागते.

वजनाकडेही लक्ष द्यावे. फळी साधारण ८० ते ९० ग्रॅमची असते; दोन्ही रबरे लावल्यावर बॅट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. लहान मनगटाला हलकी फळीच बरी. मूठ सरळ हवी की खाली पसरट, हे खेळणाऱ्याने स्वतः हातात धरूनच ठरवावे.

व्यापारी घराला यातील हिशेब सहज उमगेल. रबर काही महिन्यांत झिजते, तो चालू खर्च. फळी वर्षानुवर्षे टिकते, तो भांडवली खर्च. वेग वाढवायचा झाल्यास प्रथम रबर बदलून पाहावे, फळी नंतर. पेलण्यापेक्षा मोठे भांडवल गुंतवून नवा धंदा उभा राहत नाही. मुलाचा खेळही त्याला अपवाद नाही. दुकानात जाण्यापूर्वी वडिलांनी एक संध्याकाळ टेबलाशेजारी बसून त्याचा खेळ पाहावा.