दर्शनी भाग सर्वांचा, खर्च मात्र एकट्याचा

घराच्या आत काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घराच्या दर्शनी भागाचे काय? मुंबईत गिरगावातील खोताच्या वाडीत किंवा ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील इमारतींत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटत नाही. पावसाने कुजलेली सागवानी खिडकी काढून तेथे अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवावी, गॅलरी बंदिस्त करून मुलाच्या अभ्यासाची सोय करावी, एवढीच त्याची इच्छा असते. परंतु घर ‘वारसा परिसरा’त असल्यामुळे अशा बदलालाही परवानगी लागते. आपल्याच घराला आपल्याच पैशाने खिडकी लावण्यासाठी एखाद्या समितीची संमती कशाला, असे त्याने विचारले तर त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अवघड नाही. लाकडी जिने, नक्षीदार कठडे आणि कौलारू छपरे यांनी सजलेली गल्ली पाहून होणारा आनंद घरमालकाच्या मालकीचा नसतो. तो रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो आणि त्याचे मोल कोणी कोणाला देत नाही. एकाने खिडकी बदलली तर फारसे बिघडत नाही, म्हणून प्रत्येकजण ती बदलतो. आणि सर्वांनी बदलल्यावर गल्ली उरते, पण तिचे वैशिष्ट्य उरत नाही. शेजाऱ्याने नियम पाळावा आणि आपल्याला सवलत मिळावी अशी प्रत्येकाची इच्छा असते. अशा ठिकाणी व्यक्तीच्या निर्णयावर समाजाचे काही नियंत्रण असणे युक्तच ठरते. अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्येच जुन्या वस्तीतील घरांच्या बाह्य स्वरूपातील बदलांची छाननी करणारे मंडळ नेमले होते.

मुंबईत ही व्यवस्था १९९५ साली आली. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या विनियमाने वास्तूंच्या श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूला आतून-बाहेरून शक्यतो हात लावायचा नाही, दुसऱ्या श्रेणीत अंतर्भागात बदलांना बरीच मोकळीक, तर तिसऱ्या श्रेणीत बाहेरील बदलांनाही वाव, असे त्यांचे स्थूल स्वरूप आहे. दुरुस्ती, गिलावा, एवढेच नव्हे तर रंगकामदेखील महापालिका आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून करू नये, असे हा विनियम सांगतो. आयुक्तांनी वारसा जतन समितीचा सल्ला घ्यावयाचा असतो. २०१८ साली अमलात आलेल्या नव्या नियमावलीतही ही व्यवस्था पुढे चालू राहिली. त्याच वर्षी ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

शिधा कोणी द्यायचा?

नियंत्रणाचे तत्त्व मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. लाभ सर्व समाजाचा असेल तर खर्च एकट्यानेच का सोसावा? मूळच्या धर्तीची लाकडी खिडकी घडविणारा कारागीर आज सहजी मिळत नाही आणि मिळाला तरी त्याची मजुरी अॅल्युमिनियमच्या तयार चौकटीपेक्षा जास्त पडते. हा वाढीव खर्च म्हणजे एक प्रकारचा करच होय. फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही आणि ज्याचे घर सुंदर आहे त्याच्याच माथी बसतो.

दक्षिण मुंबईच्या जुन्या वस्तीत तर हा भार नेमका कोणाचा हेही सांगता येत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. हे गोठविणे कालबाह्य झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितल्यानंतर १९९९ चा कायदा झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण ज्या भाड्यात वर्षाचा चहाही भागत नाही, त्याच्या चार टक्क्यांत कोणता मालक सागवान घेणार? आणि घर आपले नाही हे जाणणारा भाडेकरू तरी त्यावर पदरचा पैसा का घालणार? दुरुस्ती मंडळ उपकर घेते, पण इमारत उभी राहावी हे त्याचे उद्दिष्ट. कठड्यावरील नक्षी टिकावी हे नव्हे.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला शासन वाढीव चटई क्षेत्राचे बक्षीस देते. तीच इमारत दुरुस्त करून राखणाऱ्याच्या हाती मात्र परवानगीचा अर्ज पडतो. विकासाचा हक्क गमावणाऱ्या वारसा-वास्तूच्या मालकासाठी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद आहे हे खरे. परंतु एका खोलीच्या भाडेकरूला एका खिडकीसाठी तिचा काय उपयोग? पाडण्याला बक्षीस आणि राखण्याला नियम, अशी रचना केल्यावर लोकांनी पाडण्याच्या बाजूने कौल दिला तर त्यांना संस्कृतिद्रोही ठरविणे हा शुद्ध अन्याय होय. २०१२ मध्ये महापालिकेने सुचविलेल्या नव्या यादीत शिवाजी पार्क परिसराचे नाव येताच तेथील अनेक रहिवाशांनी विरोध केला, तो या हिशेबामुळे. सौंदर्यदृष्टीच्या अभावामुळे नव्हे.

सरसकट मदत नको

याचा अर्थ प्रत्येक वारसा-घराला सरकारी तिजोरी उघडी करावी असा नाही. ओव्हलसमोरील सदनिकेची किंमत त्या रांगेच्या डौलामुळेच वाढलेली असते. शेजाऱ्यांनी नियम पाळल्याचा मोबदला तेथील मालकाला किमतीच्या रूपाने मिळालेला आहे. तेथे नियम पुरेसा आहे, अनुदान अनाठायी ठरेल. गिरगावातील भाडेकरूची गोष्ट वेगळी. त्याला परिसराच्या लौकिकातून कवडीही मिळत नाही. फ्रान्समध्ये १९६२ च्या मालरो कायद्याने संरक्षित विभाग निर्माण झाले आणि तेथील जीर्णोद्धाराच्या खर्चावर आयकरात सवलतही मिळू लागली. आपल्याकडे आयकरापेक्षा मालमत्ता कर आणि दुरुस्तीसाठी थेट साहाय्य हे मार्ग अधिक सोयीचे ठरतील. त्यासाठी लागणारा पैसा वाढीव चटई क्षेत्रापोटी विकासकांकडून मिळणाऱ्या अधिमूल्यातील काही हिस्सा राखून उभा करता येईल. पाडण्यातून येणारा पैसा राखण्यासाठी वापरणे यात न्यायही आहे.

छाननीची पद्धतही सुधारली पाहिजे. कोणत्या बदलांना परवानगीच नको, कोणते विभाग कार्यालयात निकाली निघावेत आणि कोणते समितीपुढे जावेत, याची चित्रांसह मराठी पुस्तिका प्रत्येक परिसरासाठी काढावी. निर्णयाला मुदत असावी आणि मुदत उलटल्यास किरकोळ बदलांना संमती गृहीत धरावी. नकार देताना कारण द्यावे. शिवाय काय केले असता चालेल आणि ते करणारा कारागीर कोठे भेटेल हेही सांगावे. नुसता नकार मिळालेला माणूस शेवटी खिडकी रात्रीतून बदलतो, किंवा ती गळत ठेवतो. दोन्हींत वारशाची हानीच आहे.

शहराचा चेहरा ही सर्वांची ठेव आहे असे आपण म्हणतो. ठेव सर्वांची असेल तर तिच्या जपणुकीचा भारही सर्वांनी उचलला पाहिजे. तो उचलण्याची तयारी नसेल, तर जुन्या घरांविषयीचा आपला उमाळा दुसऱ्याच्या खिशातून खर्च करण्यापुरताच आहे, हे निदान कबूल करावे.