निंबोळीला उधारी नाही

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या कपाशी हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले; शेकडो रुग्णालयात गेले. दोष फवारणाऱ्यांच्या अज्ञानावर ढकलण्यात आला. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन रोजंदारीने फिरणाऱ्याला हातमोजे व मुखपट्टी कोणी द्यायची, हा प्रश्न मागे पडला.

निंबोळी अर्काचा उपाय कृषी विद्यापीठे कित्येक वर्षे सांगत आली आहेत. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, साबणाचा चुरा मिसळून द्रावण शंभर लिटर करावे. झाला पाच टक्के अर्क. त्यातील अझाडिरॅक्टिनमुळे किडीचे खाणे सुटते, तिला नीट कात टाकता येत नाही. मावा, तुडतुडे, कोवळ्या अळ्या यांवर तो चालतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपुढे तो हतबल आहे, हेही आपल्या कार्यकर्त्यांनी लपवू नये. शिवाय उन्हाने त्याचा गुण लवकर जातो. म्हणून फवारणी सायंकाळी, आणि पुन्हा पुन्हा.

मग त्याचा प्रसार का होत नाही? विषाची बाटली दुकानदार उधारीवर देतो. पैसे कापूस विकल्यावर. निंबोळी फुकट खरी, परंतु ती वेचण्याची, वाळविण्याची, कुटण्याची मजुरी रोख मोजावी लागते, आणि तीही जून-जुलैत, पेरणीने खिसा रिकामा झालेला असताना. वर्गात आम्ही उत्पादनखर्च शिकवीत असू. तो खर्च कोणत्या महिन्यात करावा लागतो, हे शिकवायचे राहूनच गेले!

बुरशीनाशक म्हणून निंबतेलावर युरोपात १९९४ साली दिले गेलेले अमेरिकी पेटंट २००५ साली अखेर रद्द ठरले, तेव्हा आपण योग्यच आनंद मानला. झाडाखालच्या निंबोळ्या मात्र पावसात कुजत राहिल्या. उलट २०१५ साली देशी युरियाला निंबतेलाचे लेपन सक्तीचे होताच त्या तेलाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. सरकारने मनावर घेतले की बाजार उभा राहतो, तो असा. खतकारखान्यांसाठी जे झाले ते कोरडवाहू शेतकऱ्यासाठी का होऊ नये?

निंबोळी वेचणे व वाळविणे हे रोजगार हमीचे काम धरावे, भरड ग्रामपंचायतीमार्फत अल्पभूधारकांना हंगामापर्यंत उधार द्यावी, अशी आमची मागणी आहे. तालुका शाखांनी ती घेऊन मे महिन्यातच तहसीलदारांकडे जावे, आणि वेचणाऱ्या स्त्रियांना बरोबर न्यावे. दिवसाला किती निंबोळी वेचून होते आणि तिची मजुरी काय पडावी, हे त्याच सांगू शकतील.