क्लिओपात्राचे डोळे आणि हरवलेला इजिप्त

१/ डोळ्यांच्या कोपऱ्यातून कानशिलाकडे ओढलेली काळी रेघ, कपाळावर सरळ कापलेले केस, दंडावर सापाच्या आकाराची वाकी. विसाव्या शतकातील सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत ही ‘इजिप्शियन’ स्त्री वारंवार भेटते. तिच्यात इजिप्त मात्र फारच थोडा आहे.

२/ या लाटेचे श्रेय सहसा तुतनखामेनला दिले जाते. हॉवर्ड कार्टर यांना त्याची कबर नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली. परंतु पामोलिव्ह साबणाच्या जाहिरातींत प्राचीन इजिप्त १९१०च्या दशकातच अवतरला होता आणि थीडा बारा हिचा ‘क्लिओपात्रा’ हा मूकपट १९१७चा. बाजारपेठ आधीच तयार होती. कबरीने तिला नवा माल पुरवला.

३/ प्राचीन इजिप्तमध्ये अंजन स्त्रिया आणि पुरुष दोघेही घालत. काळ्यासाठी गॅलेना हे शिशाचे खनिज, हिरव्यासाठी मॅलाकाइट. डोळ्यांच्या विकारांवरही अशी द्रव्ये वापरली जात. जाहिरातींनी त्यातले औषध वगळले, पुरुष वगळले आणि केवळ मोहिनी ठेवली.

४/ काळाचीही सरमिसळ झाली. नेफरतिती इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली. क्लिओपात्रा पहिल्या शतकातली आणि मॅसिडोनियन ग्रीक मूळ असलेल्या टॉलेमी घराण्यातली. दोघींमध्ये सुमारे तेराशे वर्षांचे अंतर. तरी १९६२ मध्ये रेव्हलॉनने ‘क्लिओपात्रा लुक’ विकायला काढला आणि बर्ट स्टर्न यांनी एलिझाबेथ टेलरला त्याच वेशात टिपले, तेव्हा हे सारे एकाच चेहऱ्यात मावले.

५/ खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. ब्रिटनने २८ फेब्रुवारी १९२२ रोजी इजिप्तचे स्वातंत्र्य जाहीर केले, पण आपले सैन्य तिथेच ठेवले. कबरीच्या वृत्तांकनाचे खास हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले गेले. आपल्याच भूमीतली बातमी इजिप्शियन वृत्तपत्रांना परक्यांच्या हातून घ्यावी लागली. जाहिरातींनी हाच व्यवहार चालू ठेवला: राणी उचलली, तिचा देश मागे सोडला.

६/ तो देश निद्रिस्त नव्हता. १९२३ मध्ये हुदा शारावी यांनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर सर्वांसमक्ष चेहऱ्यावरील पडदा दूर केला. १९२८ मध्ये त्याच स्थानकासमोरील चौकात महमूद मुख्तार यांचे ‘इजिप्तचे पुनरुत्थान’ हे ग्रॅनाइटचे शिल्प उभे राहिले: उठू पाहणारा स्फिंक्स आणि शेजारी पडदा वर सारणारी शेतकरी स्त्री.

७/ प्राचीन इजिप्तचा वारसा सांगणाऱ्या या दोन प्रतिमा एकाच काळातल्या. एकीत सौंदर्य विकायचे होते, दुसरीत एक समाज स्वतःचा भूतकाळ परत मागत होता. जगभर मात्र पहिलीच पोहोचली. म्हणून अशी जुनी जाहिरात समोर आली, की काजळाची रेघ जरूर न्याहाळावी. पण मुख्तारांची ती शेतकरी स्त्री त्या चौकटीत का नाही, हेही विचारावे.